डबीवरचा लाल दोरा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. तांदळाच्या कणीहून बारीक असं एक अंडं मनात आणा. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ना, त्या चिमुकल्या फळमाशीचं अंडं. आता तुम्ही त्या अंड्याच्या आत उभे आहात. आत एकच मोठं दालन आहे. भिंत नाही, दार नाही, पडदाही नाही. मधोमध एक दिवा लागतो. एकाचे दोन होतात, दोनांचे चार, आणि बघता बघता हजारो दिवे होतात. ते सरकत सरकत दालनाच्या कडेला जातात आणि रांगेनं उभे राहतात. आता प्रत्येक दोन दिव्यांच्या मधून एक भिंत आत उतरायला हवी, म्हणजे ज्याला त्याला आपापली खोली मिळेल. त्या खोल्यांनाच आपण पेशी म्हणतो, आणि दिव्यांना केंद्रकं. खोल्या झाल्या तर पुढे डोकं, पोट, पंख. नाही झाल्या तर काहीच नाही.

आणि समजा, दिवे लागलेत, रांगा धरल्यात, पण भिंती उतरतच नाहीत. दिवे एकमेकांवर आदळतायत. मग एकेक विझतोय. एका अंड्यात नाही, सगळ्याच अंड्यांत.

तुम्ही कोणावर संशय घ्याल?

डोळे उघडा आता. त्या हिवाळ्यात नागपूरला आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळ्यांनीच कोणा ना कोणावर संशय घेतला होता.

"इंदूताई, या नं जरा इकडे. मला खोटं दिसून राहिलं का, ते सांगा."

वैजयंती लांजेवार सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता बोलली. लग्नानंतर बरीच वर्षं शाळेत शिकवून ती पुन्हा संशोधनाला आली होती. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांत वयानं सगळ्यात मोठी तीच. मी तिथलं माशीघर सांभाळायची. माशीघर म्हणजे एक बंद खोली, भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर कापसाचं बूच लावलेल्या शेकडो बाटल्या. बाटलीच्या तळाशी मक्याच्या पिठाची खीर, आणि वर उडणाऱ्या माश्या.

मी डोळा लावला. पेशीच्या भिंती उतरवायचं काम बारीक धागे करतात. त्या धाग्यांना ॲक्टिन म्हणतात. त्यांना चिकटणारा रंग घातला की ते हिरवे चमकतात. निरोगी अंड्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुंदर हिरवी जाळी दिसते. इथे जाळी नव्हतीच. इकडेतिकडे हिरवट डाग, आणि मध्ये एकमेकांवर चढलेले दिवे.

"सगळी अशीच?"

"सगळी. तिसऱ्यांदा."

"काय बाप्पा, पुन्हा मेली का तुमची लेकरं?" दारातून गिरडकर म्हणाला. सुधीर गिरडकर आमचा हुशार संशोधक, तोंडानं फाटका. "माझ्या माश्या तर मस्त उडून राहिल्या. त्याच बाटलीतल्या हं. तुमच्याच हातात काय जादू आहे?"

वैजयंतीचा चेहरा उतरला.

भांडण कशाचं होतं ते सांगते. आमचं काम एका प्रथिनावर चाललं होतं. धागा कुठे वाढवायचा हे सांगणारं ते प्रथिन, म्हणून आम्ही लाडानं त्याला मुकादम म्हणायचो. प्रत्येक माशीकडे मुकादम बनवायच्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आमच्या माश्यांत खूण अशी होती की पंख वाकडे असले तर एक प्रत चांगली, एक मोडकी. पंख सरळ असले तर दोन्ही मोडक्या. म्हणजे सरळ पंखांची माशी मुकादम बनवूच शकत नाही.

गिरडकरनं दाखवलं होतं की सरळ पंखांच्या माश्या व्यवस्थित जन्मतात, खातात, उडतात. त्यावरून त्यानं लिहिलं, की अंड्याला मुकादमाची गरज नाही. त्या लेखावर आमच्या प्रमुखांचं, वझलवार सरांचंही नाव होतं, आणि तो छापायला जाणारच होता. वैजयंतीकडे काम फक्त एवढंच होतं, की सरळ पंखांच्या माद्यांची अंडी घ्यायची आणि लेखासाठी छान फोटो काढायचे.

आणि तिची अंडी मरत होती.

दुसऱ्या दिवशी वझलवार सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"हेडाऊबाई, मी कोणावर आरोप करत नाही हं."

असं म्हणून माणूस सुरुवात करतो तेव्हा आरोप येणारच असतो.

"फ्रिजमध्ये ती पत्र्याची डबी आहे ना. बुरशीपासून काढलेलं विष."

"आहे."

"त्याचा एक थेंब पाण्यात पडला तर धागे विरघळतात. भिंती उतरत नाहीत. लांजेवारला दिसतंय अगदी तसंच."

"ती कशाला असं करील, सर?"

"तिची मुदत संपत आलीय. हातात काही नाही. गिरडकरला खोटं पाडणारं काहीतरी दाखवलं की नाव होईल." त्यांनी टेबलावरचा कागददाब उचलून पुन्हा ठेवला. "नाताळच्या आधी आपली बैठक आहे. तोवर हे हातानं केलेलं निघालं तर ती इथे राहणार नाही. शाळेतली नोकरी तर तिनं सोडलीच आहे. म्हणून म्हणतो, तुम्ही तिच्याजवळ बसता. जरा लक्ष ठेवा. आणि त्या डबीला कोणी हात लावायचा नाही. कोणीच."

मी बाहेर आले, आणि मुलांनो, त्या क्षणापासून माझी नजरच बदलली. वैजयंती बश्या दोनदा धुवायची. का बरं दोनदा? फ्रिज उघडला की तिची पाठ माझ्याकडे असायची. का बरं पाठ? गिरडकर शीळ घालत यायचा आणि तिला पाहिलं की थांबायचा. शीळ का थांबली? मग तोच तर नसेल करत, तिला घालवायला? मन एकदा असं सुटलं की साध्या कापसाच्या बुचातही काहीतरी दडवल्यासारखं दिसतं.

आणि माझ्यावर नजर ठेवणारंही कोणीतरी होतंच.

वैजयंतीची मुलगी मृणाल सहावीत होती. शाळा सुटली की ती आमच्या व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर आईची वाट बघत बसायची. दप्तरात एक हेरकथांचं पुस्तक असायचं, त्याला खाकी कव्हर आणि वर 'भूगोल' असं लिहिलेलं. मी संत्रं सोलत तिच्या शेजारी बसले. आमच्याकडे नियम होता, माशीघरात फळ न्यायचं नाही. सालीबरोबर बाहेरच्या माश्या आत येतात, आणि एकदा का त्या बाटल्यांत मिसळल्या की सगळी मेहनत पाण्यात. नागपूरला डिसेंबरात संत्र्यावाचून राहणं म्हणजे शिक्षाच, म्हणून आम्ही व्हरांड्यात खायचो.

"काकू," पुस्तकातून डोकं न काढता मृणाल म्हणाली, "तुम्ही आईवर पाळत ठेवून राहिल्या नं?"

फोड माझ्या घशात अडकली. "कोण म्हणतं?"

"कोणी नाही. तुम्ही चष्मा पुसता. आई फ्रिज उघडते तेव्हाच पुसता."

"चष्म्यावर धूळ बसते बाई."

"फ्रिज उघडल्यावरच?"

मी तिच्यापुढे संत्र्याच्या फोडी धरल्या. तिनं मान हलवली.

"संशयितांकडून काही खायचं नसतं."

मला हसू आलं, आणि ते तिला आवडलं नाही. तिच्या मांडीवर चिंचोक्यांचा बटवा होता. मी विचारलं, "हा घेऊ? परत देते. हवं तर मोजून घे."

तिनं सावधपणे दिला. मी बटव्याचं तोंड उघडं ठेवलं आणि मग नाडी ओढली.

"बघ, नाडी ओढली की तोंड आवळतं. पेशीच्या तोंडाशी अशीच धाग्यांची नाडी असते. भिंती उतरल्या, खोल्या झाल्या, की पोटाकडच्या एका पट्ट्यातल्या पेशी सगळ्या मिळून आपापली नाडी ओढतात. मग सपाट चादरीला घडी पडते. ती घडी आत जाते आणि तिच्यातून माशीचे स्नायू बनतात. तू आईच्या पोटात होतीस तेव्हा तुझ्याही पाठीवर अशीच घडी पडली होती. तिची नळी झाली. ती आज तुझ्या कण्याच्या आत आहे."

तिचा हात नकळत पाठीकडे गेला. मग तिला आठवलं की आपण संशयिताशी बोलतोय, आणि तो खाली आला.

"नाडी कोण ओढतं?"

"त्याला माणसं लागतात. म्हणजे प्रथिनं. एक धागा वाढवतं, एक कापतं, एक टोक बंद करतं, एक दोन धागे एकत्र बांधतं, एक ओढतं. आणि कुठे, केव्हा, हे सांगायला मुकादम. पाचपावलीत माझ्या वडिलांचा हातमाग होता. ते म्हणायचे, सूत घरभर पडलेलं असलं म्हणून लुगडं होत नाही. कोणता धागा कुठे, हे सांगणारा लागतो."

"आणि विष घातलं तर?"

मी चमकले. "तुला कोणी सांगितलं?"

"गिरडकर काका जिन्यात बोलत होते. आई काल जेवली नाही." तिनं बटवा माझ्या हातून काढून घेतला. "सांगा नं. विष घातलं तर?"

"तर सूतच विरघळतं."

"आणि मुकादम नसला तर?"

"सूत असतं, पण गुंता होऊन पडतं."

"मग दोन्ही सारखंच दिसत असेल?"

"लांबून सारखंच. भिंत दोन्हीकडे नाही."

"आणि जवळून?"

"जवळून आमच्यापैकी कोणी ताडून पाहिलं नाही. डबीला हात लावायची बंदी आहे. तुझ्या आईनं लावला तर लोक म्हणतील, बघा, लावला."

ती बराच वेळ बटव्याची नाडी ओढत आणि सैल करत बसली.

तो शनिवार होता. सोमवारी दुपारी मी माशीघराबाहेर आले तर ती बाकावर बसली नव्हती, उभी होती. हातात कंपासपेटी.

"काकू, काल रविवारी तुम्ही कुठे होत्या?"

"उमरेडला. माझ्या भाच्याचा साखरपुडा होता."

"साक्षीदार?"

"अख्खं उमरेड."

"परत कधी आल्या?"

"आज सकाळच्या गाडीनं. अगं पण झालं काय?"

तिनं माझ्याकडे आणखी थोडं रोखून पाहिलं आणि बहुधा उमरेडची साक्ष मान्य केली. "त्या पत्र्याच्या डबीला मी शनिवारी, इथे कुलूप लागायच्या आधी, दोरा चिकटवला होता. लाल. झाकणावरून खालपर्यंत. भाताच्या शितानं. आई बश्या धूत होती तेव्हा."

"मृणाल! ती विषाची डबी आहे!"

"उघडली नाही. नुसता दोरा लावला. मी काय वेडी आहे का?" तिनं आवाज खाली आणला. "आज शाळेत जाताना, दार उघडल्याबरोबर येऊन पाहिला, तेव्हाच तुटलेला होता. झाकणावर अर्धा, खाली अर्धा. आणि आई काल इथे नव्हती. आम्ही दोघी भंडाऱ्याला आजीकडे होतो. रात्री आलो."

मी आत गेले. डबी उघडली. आतल्या कुपीचं बूच नीट बसलेलं नव्हतं, आणि त्यातलं विष नक्कीच कमी झालं होतं. बाहेर येऊन मी बाकावर बसले.

"इथल्या कुलपाच्या चाव्या कोणाकोणाकडे असतात?" मृणालनं विचारलं.

"दोनच आहेत. एक माझ्याकडे. ती माझ्या कनवटीला होती, उमरेडला."

"आणि दुसरी?"

मी सरांच्या बंद दाराकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. सर? सरांनी विष कशाला घ्यावं? वैजयंतीच्या पाण्यात टाकायला? की आणखी कशाला? मी जितका विचार करायला जावं तितकं मन काळं काळं सुचवत होतं.

मृणालनं कंपासपेटी उघडून दाखवली. दोऱ्याचे दोन तुकडे रबराशेजारी नीट ठेवलेले होते. "पुरावा आहे. कोणाला सांगू नका."

"नाही सांगत."

"मग द्या एक संत्रं. भूक लागली मला."

म्हणजे मी संशयितांच्या यादीतून सुटले होते. मी संत्रं सोलू लागले. "आज डबा नाही आणला?"

"आईनं भरलाच नाही. सकाळी तशीच बसून होती. चूल नाही, काही नाही."

"म्हणजे दिवसभर उपाशी?"

"नाही जी. आजीनं काल येताना लाडू बांधून दिले होते नं. दप्तरातच होते. त्यावर चाललं." ती फोड तोंडात घालत म्हणाली, "आईकडे काही नव्हतं, पण आजीचं होतं. आता तेही संपले."

मी सोलायची थांबले.

आईकडे काही नव्हतं, पण आजीचं होतं.

अंड्यातल्या जिवाला पहिले काही तास स्वतःचं असं काही करता येत नाही, मुलांनो. त्याला लागणारी सगळी शिदोरी त्याची आई आधीच अंड्यात भरून ठेवते. धागे, कापणारे, बांधणारे, मुकादम, सगळे. हे मला ठाऊक होतं, वैजयंतीला ठाऊक होतं, सरांनी तर त्यावर व्याख्यानं दिली होती. पण आमच्या कामाची रीत अशी, की बाटलीवर लिहायचं ते बाटलीतल्या माशीचे पंख कसे आहेत ते. सरळ की वाकडे. तिची आई कशी होती, हे आम्ही कधी लिहीतच नव्हतो. हातातल्या माशीकडे बघायचं, एवढीच आम्हाला सवय.

मी तशीच उठले आणि माशीघरात शिरले. हातात संत्रं होतं. नियम माझाच होता, मलाच आठवला नाही.

"वैजू, गिरडकरच्या सरळ पंखांच्या माश्या आहेत ना, त्यांच्या आयांचे पंख कसे होते?"

"वाकडे. वाकड्या पंखांच्या जोडीतूनच सरळ पंखांचे निघतात." तिनं थकलेल्या आवाजात सांगितलं. "का हो?"

"आणि तू ज्यांची अंडी घेतलीस, त्या अंड्यांच्या आया?"

"त्या सरळ पंखांच्या..."

ती बोलता बोलता थांबली. हातातला कुंचला तिनं खाली ठेवला. मग हळूच स्टुलावर बसली, आणि मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. मग रडायलाही लागली.

"गिरडकरच्या माश्यांना त्यांच्या आईनं मुकादम भरून दिला होता," ती म्हणाली. "म्हणून त्या अंड्यातून सुखरूप निघाल्या. पुढे मोठेपणी दुसरी प्रथिनं काम भागवत असतील. पण त्यांच्या स्वतःच्या अंड्यांत भरायला..."

"काहीच नव्हतं," दारातून मृणाल म्हणाली. तिला सगळं कळलं होतं असं नाही. पण रिकाम्या डब्याचं तिला कळलं होतं.

"म्हणजे आम्ही दोघंही खरे!" वैजयंतीनं डोळे पुसले आणि लगेच तिचा चेहरा घट्ट झाला. "पण ताई, हे मी करून दाखवलं तर कोण मानेल? माझा हात लागायला नको."

तिनं गिरडकरला बोलावलं. त्यानं ऐकलं, डोकं खाजवलं, एकदा छताकडे पाहिलं.

"ठीक आहे. माझं पाणी, माझ्या बश्या. लांजेवारबाईंनी खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"आणि तुम्ही एकट्यानं करायचं नाही," मृणाल म्हणाली. "काकू बसतील."

"वा रे पोलीस!" गिरडकर म्हणाला, पण कबूल झाला.

मंगळवारी त्यानं दोन बश्या लावल्या. पहिलीत सरळ पंखांच्या माद्या आणि बाहेरच्या साध्या, निरोगी जातीचे नर. म्हणजे होणाऱ्या बाळांना बापाकडून चांगली प्रत नक्की मिळणार. दुसरीत वाकड्या पंखांच्या माद्या आणि सरळ पंखांचे नर. त्यातल्या निम्म्या बाळांच्या दोन्ही प्रती मोडक्या असणार. खोट बाळातच असती तर पहिली बशी जगायला हवी होती आणि दुसरीतली निम्मी मरायला. मी दाराशी खुर्ची टाकून बसले. माझ्यामागे व्हरांड्यात मृणाल, आणि तिच्यामागे, जिन्याच्या पायरीवर, हात मांडीखाली दाबून वैजयंती.

दुसऱ्या दिवशी गिरडकर सूक्ष्मदर्शकावरून उठला तेव्हा त्याची शीळ कुठल्या कुठे गेली होती.

"पहिलीतली सगळी मेली. बाप चांगला असून. दुसरीतली जगून राहिली." तो वैजयंतीपाशी गेला. "हरलो बाप्पा. माझ्या लेखातलं ते वाक्य खोडावं लागते. म्हणजे खोट त्या आईत होती."

"आईत कशी?" मृणाल उसळून म्हणाली.

गिरडकर गोंधळला. मी म्हटलं, "खोट नको म्हणूस रे. तिच्या आईनं तिला भरलेला डबा दिला होता, पण करायची कृती दिलीच नव्हती. ती काय वाढणार लेकरांना?"

मृणालनं हे तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं.

आम्ही सगळे सरांच्या खोलीत गेलो. बैठक दोन दिवसांवर होती. गिरडकरनंच सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि फोटो टेबलावर मांडले. सर चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो पाहत राहिले. वैजयंती खुर्ची असून बसली नव्हती.

"छान," सर अखेर म्हणाले. "फार छान. आणि हे बघा, इथे धागे आहेत. गुंता झालेत, पण आहेत. विषानं झालं असतं तर धागे पार विरघळले असते, नुसता धुरळा दिसला असता. तो प्रकार अगदी वेगळा दिसतो."

"सर," वैजयंती हळू आवाजात म्हणाली, "विष घातलेलं अंडं तुम्ही कधी पाहिलंत?"

"अं? नाही, म्हणजे... अनुभवानं कळतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. रविवारी कुपीतून काय गेलं आणि कशासाठी गेलं, ते मला आता समजलं. कोणाच्या पाण्यात नव्हतं गेलं ते. त्यांनी एकट्यानं, दार लावून, तिच्या फोटोशी ताडून पाहिलं होतं. ती निर्दोष आहे हे त्यांना रविवारीच कळलं होतं. सोमवारी ती उपाशी बसली होती, मंगळवारी जिन्याच्या पायरीवर, आणि त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

"बैठकीत हे तुम्हीच मांडा, लांजेवार," सर मोकळं हसले. "पुढची मुदतही मिळेल, ते मी बघतो. आणि मनात काही ठेवू नका. इथे काय काय बोललं गेलं असेल, पण मला स्वतःला तुमच्याबद्दल संशय असा कधी नव्हताच."

वैजयंतीनं मान खाली घातली. "हो सर," म्हणाली. गिरडकर खिडकीबाहेर बघू लागला. मी चष्मा काढून पुसायला लागले.

आईच्या मागे उभी असलेली मृणाल पुढे आली. तिनं सरांच्या टेबलावर कंपासपेटी ठेवली, उघडली, आणि लाल दोऱ्याचे दोन तुकडे काढून त्यांच्यासमोर, फोटोंच्या अगदी वर, तुटलेलं टोक तुटलेल्या टोकाला लावून सरळ रेषेत मांडले. मग पेटी बंद करून तिनं दप्तरात टाकली, आईचा हात धरला, आणि बाजूची रिकामी खुर्ची ओढून आईला तिच्यावर बसवलं.